चार बाटल्या

डिलाईल रोडला, रेशन दुकानाच्या बंद पायरीवर
रत्नप्रभा नाचणकर खरवस विकते.
आठवड्यातून दोनदा. जोगेश्वरीच्या तबेल्यात
एखादी म्हैस जास्तीची व्यायली तर तीनदा.
पातेल्यावर ओला पंचा, पंच्यावर दोन माश्या
आणि पुठ्ठ्यावर खडूनं :
अस्सल चिकाचा. चायनाग्रास नाही.

मी ओळखपत्र दाखवलं.
तिनं ते लांब धरून पाहिलं, म्हणाली,
फोटोत बारीक होतास.

मग साक्षीला पंच हवा होता.
रांगेतल्या पाचही जणांना एकदम कामं आठवली.
उरले खांबेकाका, बंदरात तीस वर्षं क्रेन चालवलेले.
सही करतो, म्हणाले, पण आधी ऐका.
पोट माझं, जीभ माझी,
नोट माझ्या पेन्शनीतली.
यात सरकार कुठल्या नात्यानं पानावर येऊन बसलं?
सिगारेटच्या पाकिटावर सडका गळा छापून
ती विकू देता ना,
मग हिच्या पातेल्यावरही लावा एक फोटो.
माझाच लावा.
साठ वर्षं खातोय. मेलो का?

मी काही बोललो नाही.
जे मेले
ते असं विचारायला रांगेत उभे राहत नाहीत.

मानखुर्दला एका बारशानंतर
मी बासुंदीचं पातेलं चमच्यानं खरवडलं होतं.
बोटभर निघाली.
एकवीस जण सलाईनवर. बाळ तेवढं ठणठणीत,
त्यानं काही खाल्लं नव्हतं.
कानात नाव सांगणारी आत्या
पहाटे चारला गेली.
नाव काय ठेवलं होतं
ते पंचनाम्यात लिहायला रकाना नव्हता.

हे मी खांबेकाकांना सांगायला हवं होतं का?
थर्मामीटर खुपसला. एकतीस.
पाचच्या आत हवं, मी म्हणालो.
फ्रिज घे म्हणशील, ती म्हणाली,
घेते.
पायरीवर प्लग कुठाय तो दाखव.

नमुन्याचे चार भाग करायचे असतात.
चार बाटल्या, चार चिठ्ठ्या, लाख, दोरा,
दोऱ्याच्या गाठीवर खांबेकाकांची थरथरती सही.
आणि नमुना नासू नये म्हणून
प्रत्येक बाटलीत फॉर्मॅलिन.
ते मीच घातलं, नियमात आहे तेवढं.
ती बघत राहिली.
मी जायफळ घातलं होतं, म्हणाली.

नमुन्याचे पैसे मोजावे लागतात,
कायदा तेवढा सभ्य आहे.
तिनं वीस रुपये परत केले, पावतीवर अंगठ्याशेजारी
हट्टानं सहीही केली,
आणि केळीच्या पानात दोन वड्या बांधून म्हणाली,
आई आहे ना घरी? तिला दे.
हे बाटलीतलं नाही.

भेट घेणं आमच्या नियमात बसत नाही.
उघड्यावरचं खाणं
मीच लिहिलेल्या पत्रकात बसत नाही.
नाक्यावरच्या दुकानात खरवसाचं पाकीट लटकत होतं,
चौदा आकडी नंबर, हिरवा ठिपका,
मुंगीएवढ्या अक्षरांत घटक.
सगळे वाचले. म्हैस कुठेच नव्हती.
सगळं नियमात होतं.

भायखळ्याच्या सिग्नलला जीप बराच वेळ थांबली.
मागच्या सीटवर चार बाटल्या एकमेकींवर वाजत होत्या,
मांडीवर पान गरम होत चाललेलं.
बत्तीस झालं असेल. तेहतीस.

आईला दिला नाही.
तिच्या वतीनं ठरवणारा मी कोण,
असं म्हणत म्हणत
ठरवलं मीच.

एक वडी मी खाल्ली.
जायफळ जरा जास्त झालं होतं.

अहवाल चौदा दिवसांनी.