अर्धं पान कोरं

वही साधीच, ऐंशी पानी, निळ्या पुठ्ठ्याची.
धक्क्यावर उल्दाबाईंच्या दुकानात
तराजूशेजारी मासेमारीच्या दोऱ्याने टांगलेली.
चिलोएच्या पूर्वेला, नकाशात टाचणीएवढं आमचं बेट,
दुसरं दुकानच नाही.
नियम एकच: मुलांनी वरचं अर्धं पान लिहायचं,
खालचं अर्धं
पाव घ्यायला येतील त्यांच्यासाठी कोरं ठेवायचं.

सोळा मुलं, लाकडाची एक शेगडी, आणि मी.
त्याआधी सहा वर्षं ती माझ्यासाठी लिहीत होती,
'माझी सुट्टी', 'आपला ध्वज',
आणि मी लाल पेनाने सांगत होते की मी वाचलं.
वाचत नव्हते. चुका वेचत होते,
तांदळातले खडे वेचावेत तशा,
तांदळाकडे न बघता.

पहिल्याच आठवड्यात यास्नाने लिहिलं:
आमचा बटाटा जांभळा असतो, कारण त्याला थंडी वाजते.
खाली थरथरत्या अक्षरात कुणीतरी:
"काहीतरीच. शनिवारी ये. पिशवी आण."
सोमवारी तिने टेबलावर अकरा बटाटे मांडले,
अकरांची अकरा नावं तोंडपाठ.
म्हणाली, बाई, ते पान फाडू?
नको, म्हटलं. त्याच्याखालीच लिही
तुला आता काय ठाऊक आहे ते.

होडीवाल्या बारियाने आमची भरतीची वेळ दुरुस्त केली.
नर्सने विचारलं, "पण मग कुत्र्याचं काय झालं?"
आणि त्या एका प्रश्नापायी एलिआसेर
जेवणाची घंटा झाली तरी लिहीतच बसला, तीन पानं.
कुणीतरी नुसतंच एक चित्र काढलं.
ते आम्ही खोडलं.

लिसांद्रो ग्वेन्तेओ वर्गात बोलत नसे.
हजेरीला हात वर, बस्स.
जूनमध्ये त्याने लिहिलं:
"बाबा पाण्याखाली जातात. हवा पिवळ्या नळीतून जाते.
वर नावेत मी दोरी धरतो. दोनदा ओढली म्हणजे ठीक.
खाली कुणी बोलत नाही.
मी त्यांचा मुलगा."

मुलगा. आमच्या स्पॅनिशमध्ये हा शब्द
एका मुक्या अक्षराने सुरू होतो.
लिहायचं, उच्चारायचं नाही.
खुर्चीसारखं दिसतं ते.
लिसांद्रोने गाळलं होतं.
मी पेन उघडलं, आणि टोपण परत लावलं.
का, ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

खालचं अर्धं पान पाच आठवडे तसंच.
शाळा सुटली की तो दुकानात यायचा, वही उघडायचा,
काही न घेता निघून जायचा.
उल्दाबाई हळूच म्हणाल्या, मीच लिहू का दोन शब्द?
माझ्याही मनात तेच येऊन गेलं होतं.
नको म्हटलं. रात्री त्याचा पश्चात्ताप झाला.

ऑगस्टमध्ये, सुताराच्या जाड पेन्सिलीने,
ओळ सोडून खाली घसरत गेलेली अक्षरं:
"दोनदा म्हणजे ठीक.
तू कधीकधी तिसऱ्यांदा ओढतोस, काम नसताना.
खाली मला कळतं.
माझा मुलगा."

इथेही तो शब्द बिनखुर्चीचा.

लिसांद्रोने ते उभ्यानेच वाचलं. बराच वेळ.
मग "बाई, पेन," म्हणाला,
इतक्या सहज, की दिल्यावर माझ्या लक्षात आलं.
आधी बापाच्या शब्दापुढे,
मग वर स्वतःच्या,
त्याने एकेक बारीक खुर्ची मांडली.

डिसेंबरात तपासनीस आले.
वही शेगडीवर वाळत होती, छप्पर गळतं आमचं.
यातून मुलं नेमकं काय शिकली, त्यांनी विचारलं.
मी ते पान उघडून दिलं.
त्यांनी चष्मा चढवला, टिपून घेतलं:
शुद्धलेखनात सुधारणा.

तेही खरंच आहे.