तीन आणि सहा

बोरा बझारच्या आतल्या गल्लीत
आमची पाच टेबलं.
पाचव्यावर चारूचं दप्तर आणि सोलायचा लसूण,
गर्दी झाली तरच रिकामं होणारं.

दुपारचे तीन वाजून गेलेले.
कढई घासायला टाकली होती.
ह्यांच्याशी सकाळपासून अबोला,
दिराच्या हिश्शावरून. नवीन काही नाही.

तेव्हा ती आली. पिकले केस, उन्हानं लाल झालेलं नाक,
पाठीवर शाळकरी पोरासारखी सॅक.
काय आहे, हातानंच विचारलं.
मांदेली होती, भात होता,
सोलकढी तळाला गेलेली.

हे गल्ल्यावरून गोड हसले.
मी आतून ताट असं सरकवलं
की वाटी दणकन वाजली.

तिनं वाटीकडे बघितलं नाही.
माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे,
मग मान खाली घालून स्वतःशीच हसली
आणि मांदेली काट्यासकट खाल्ली.

हात धुऊन तिनं चारूला फोटो दाखवला.
कुठल्याशा बंदरावरचं एवढंसं हॉटेल,
दारात एप्रन बांधलेला बाप,
मागे तोंड फिरवून उभी आई,
टेबलावर वही उघडून बसलेली मुलगी.
बोट मुलीवर टेकवलं, मग स्वतःच्या छातीवर.

चारूनं लगेच आपली वही पुढे केली.
एक ते नऊ.
साठीची बाई जीभ बाहेर काढून गिरवत बसली.
चार तिला फार आवडला.
पाच जमेना.
तीन आणि सहा दर वेळी एकमेकांच्या जागी.

बिल दोनशे छत्तीस. ह्यांनी मुद्दाम मराठीत लिहिलं.
तिनं ओठ हलवत वाचलं,
आणि सुट्ट्या नाण्यांसकट मोजून ठेवले
दोनशे त्रेसष्ट.

चारू उठली. दोन खुर्च्या ओढल्या,
पाठीला पाठ लावून ठेवल्या.
एकदा गल्ल्याकडे बोट, एकदा माझ्याकडे.
हा आमचा छत्तीस.
मग खुर्च्या फिरवल्या समोरासमोर:
हा तुमचा.

बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.
कार्टी, म्हटलं मी, पण आतल्या आत.
वरचे सत्तावीस रुपये घ्यायला तयार नव्हती.
जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून
तिच्या भाषेत काहीतरी बोलली, बरंच लांब.
मी हो म्हटलं.

खुर्च्या तशाच राहिल्या.
हे एकीवर येऊन बसले,
लसणाचे चार गड्डे माझ्या बाजूला लोटले.
बसले मीही. बोलले नाही.
संध्याकाळचा लसूण व्हायचा होता,
म्हणून.