सांधेवाला

समत्रेदिया जंक्शनवर अडतीस वर्षं
अम्ब्रोसीने गाड्यांचे सांधे बदलले.
आता डावीकडचं जग येतच नाही.
त्सियाला ताट फिरवते, तेव्हा म्हणतो,
"अगं, खाचापुरी उरलीय की अजून!"

डॉक्टर एतेरी गोळ्यांच्या खोक्यावर रेघा ओढतात :
डोळे ठणठणीत आहेत, काका.
चित्र आतल्या पडद्यावर उलटं उतरतं, निघतं,
वाटेत एक जंक्शन,
तिथे प्रत्येक डोळ्याचे अर्धे रूळ पलीकडे जातात,
अर्धे आपल्याच बाजूने.
मध्ये एक थांबा. मग थेट मागे,
डोकं उशीला टेकतं ना, तिथे.
दिसतं ते तिथे.

"म्हणजे पाठीमागे डोळे असतात!
आई खोटं नव्हती सांगत."
मग रेघेवर बोट :
"सांधा कुणी चुकवला?"

कुणीच नाही. गाड्या वेळेवर सुटतात.
शेवटच्या स्टेशनात, उजव्या फलाटावर,
दिवे गेलेत.

तो गप्प.
आयुष्यभर गाड्या पाठवल्या,
पोचल्या का, कधी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी द्राक्षवेलीखाली
मान वळवतो डावीकडे,
गंजका दांडा ओढावा तशी, कण्हत,
आणि त्सियाला येते :
आधी कोपर,
मग परडी,
मग उशिरा, अख्खी.