निवृत्ती खैरनार, माजी फिटर

मखमलाबादच्या गच्चीवर अण्णा
पहाटे चारलाच येऊन बसतात.
नावातच निवृत्ती;
पहिली पाळी सुटून अकरा वर्षं झाली,
शरीराला अजून कुणी कळवलेलं नाही.

समुद्रकाठच्या अणुभट्टीत तीस वर्षं.
छातीवर बिल्ला, किरणं मोजणारा.
रजेवर आले की आधी आंघोळ,
मग आम्हाला जवळ घ्यायचं.
"माझ्या पाळीत एकदाही काही झालं नाही,"
सांगतात. कुणी विचारलेलं नसतं.

परवा मी पॅनेल बसवत होते.
चौकटी सातपूरच्या वर्कशॉपातल्या, वेल्डिंग माझं.
अण्णांनी पाना हिसकावला.
"इतकं आवळू नको,
उन्हात लोखंड फुगतं, त्याला जागा ठेव."

मग पाण्याच्या टाकीला टेकून बसले,
तोंड एकलहऱ्याच्या धुराड्यांकडे.
"आईनं चुलीच्या राखेनं भांडी घासली.
तिकडच्या राखेच्या विटा होतात,
तुझ्या भिंतीतही असतील.
आमच्या राखेला
कुणी हात लावू शकत नाही.
पाण्याखाली ठेवलीय. निळी दिसते.
चांगली दिसते गं, काय सांगू."

आणि बंद केली तर?

"बंद होते की. तापायची थांबत नाही.
वर्षानुवर्षं पाणी फिरवत ठेवायचं,
पंपापाशी माणूस हवा,
नंतर त्या माणसाचा नातू हवा,
नातवाला आपण लिहिलेली पाटी वाचता यायला हवी."
जरा थांबून,
"बंद करायचीच तर
नट कुठे अडकतो हे ठाऊक असलेले
चार म्हातारे शिल्लक आहेत तोवर करा."

द्राक्षांच्या मांडवावरून ऊन
गच्चीच्या कठड्याला लागलं.
मीटर हलला. चाळीस वॉट.
एकशे दहा.
अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला, वाकून पाहिलं.
"आवाजच नाही," म्हणाले,
तक्रार केल्यासारखं.
आणि मग: "पंचवीस वर्षांनी ही काच कुठे टाकणार?"

मला उत्तर आलं नाही.

"शोधून ठेव. आम्ही नव्हतं शोधलं."

जुन्या बनियनचं फडकं ओलं करून
ते पहिल्या पॅनेलवरची धूळ पुसू लागले,
कडेकडून आत, घाई न करता.
मध्येच एकदा हात छातीशी गेला,
खिसा चाचपला,
रिकामा होता,
परत फडक्यावर आला.