उपस्थिती

दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळाचं इतिवृत्त,
पान एकशे बारा, अक्षर माझंच:
"मासिक काव्यवाचन. उपस्थिती अकरा,
चहावाल्या रमणला धरून.
नवीन सभासद कु. आश्लेषा फणसे यांनी एक कविता वाचली.
चिटणिसांनी छंदाकडे लक्ष देण्यास सुचवले."

चिटणीस म्हणजे मी.

ती मकरपुऱ्याला गिअरच्या कारखान्यात
गेटपास फाडायची.
कवितेतही तेच होतं, चलन, शिक्के, ट्रकचे नंबर,
आणि मध्येच:
"बाहेर जाणाऱ्या प्रत्येक नटाची नोंद माझ्याकडे आहे.
मी आत आले, ते कुणी लिहिलं?"
कर्णिक म्हणाले, हे गद्य आहे.
मी मान हलवली.
माझे तीन संग्रह तेव्हाही बॉक्सपलंगात होते,
प्रत्येकी पाचशे प्रतींतून उरलेले,
वर हिवाळ्याच्या गोधड्या.

पुढचं मला नातीच्या फोनवर कळलं.
उभ्या चौकटीत आश्लेषा, मागे पत्र्याची शेड.
ती पहिली ओळ म्हणते, तेवढ्यात ट्रकचा भोंगा वाजतो,
ती थांबते, वैतागत नाही,
भोंगा संपू देते,
मग म्हणते दुसरी.
नात म्हणाली, आजोबा, त्या थांबण्यामुळे चाललं ते.
छंद, मी मनात म्हटलं.
यालाच तर म्हणतात, गाढवा.

मग त्या दोन ओळी कपांवर आल्या,
नर्सबाईंच्या मोर्च्यात फलकावर आल्या,
रिक्षामागे आल्या, शुद्धलेखनाच्या दोन चुकांसह,
कुणी खाली भलत्याच कवीचं नाव घातलं,
एका बँकेने तर कर्जाच्या जाहिरातीत वापरल्या.
साडेचार लाख माणसं तिच्यामागे.
विश्वामित्रीला पूर येतो तेव्हा
मगरी थेट सोसायटीच्या जिन्यापर्यंत येतात,
आणि लोक आधी गच्चीवर पळतात, मग फोन काढतात.
मीही तसाच पाहत होतो तिच्याकडे.
वरून.

गेल्या महिन्यात मंडळाने तिला बोलावलं.
खुर्च्या शेजारच्या लग्नाच्या हॉलमधून आणल्या.
पोरं खिडकीत बसली, गुजराती पोरंसुद्धा,
आणि ती "मी आत आले" एवढंच म्हणाली,
की उरलेलं सगळ्या सभागृहाने म्हटलं.
ती माइकपासून जरा मागे सरकली,
आपल्याच घरात पाहुणी आल्यासारखी.

नंतर जिन्यात, एक चप्पल सापडत नसताना,
मला म्हणाली, काका, ती पहिली कविता,
पूर्ण,
तुमच्याकडे असेल का?
माझा तो फोन बिघडला. आता मलाच आठवत नाही
पुढे काय होतं.

पुढे होतं.
मी वही आणली. मी तेव्हा सगळी उतरवून घेतली होती,
तिच्यावर टीका करता यावी म्हणून.
दोनच ओळी चौकटीत मावल्या होत्या, बाकीच्या अशा:

"भरतभाईने लिहिलं.
वॉचमनच्या रजिस्टरात, गुजरातीत, रोज.
आठ बावन्न, फणसेबेन.
आठ अठ्ठावन्न, फणसेबेन, छत्री नथी.
नऊ एक, फणसेबेन, रडेली."

तिने बोट ठेवून वाचलं.
खालून पोरं हाका मारत होती, ताई, एक सेल्फी.
"म्हणजे उत्तर होतं त्यात," ती म्हणाली.
आणि मग, बऱ्याच वेळाने,
"उत्तर असतं तर चाललं नसतं ना काका?"
मला काही सुचलं नाही.
भरतभाई कुठे आहे आता, मी विचारलं.
छाणीकडे असेल, मुलाकडे. तिलाही नक्की माहीत नव्हतं.
पानाचा फोटो मात्र तिने काढला नाही.
चप्पल सापडली, रमणच्या किटलीमागे.

घरी येऊन इतिवृत्त लिहिलं:
"उपस्थिती: मोजता आली नाही.
चिटणिसांनी कोणतीही सूचना केली नाही."
सही केली, टोपण लावलं.
मग टोपण काढून खाली, बारीक अक्षरात,
नियमांत बसत नाही तरी:
नऊ चाळीस, फणसेबाई,
रिक्षा मिळाली.