जाळरेषा

फेब्रुवारीचा शेवटचा मंगळवार.
सुरगाण्याचा बाजार त्या दिवशी नसतो, म्हणून निवडलेला.
आंबेतळच्या शाळेत तेवीस माणसं, एक फळा,
पाला उडवायचे दोन ब्लोअर, त्यातला एक सुरू होणारा.
मी निफाडची, द्राक्षांच्या मांडवाखाली वाढलेली;
जंगल मला नेमणुकीच्या कागदासोबत मिळालं,
बीट क्रमांकासकट.

फळ्यावर त्रिकोण काढला :
उष्णता, हवा, जळण.
एक बाजू मोडली की आग मरते, म्हटलं.
मागून हिरामण भोये म्हणाला,
"म्याडम, यात माणूस कुठल्या बाजूला?"
सगळे हसले. मीही हसले,
डस्टर मात्र हातातच राहिलं.

मग छापील प्रश्न, क्रमांक चार :
मागच्या वर्षीचा वणवा कशाने लागला?
कोणी म्हणालं बिडी.
कोणी म्हणालं वरच्या पाड्याचे.
नवसू कामडी म्हणाला, आग काय, येते.
खिडकीत डोंगराची उतरण होती,
सागाची खोडं गुडघ्यापर्यंत काळी.

शेवटच्या बाकावरून मंजुळा थविल उठली,
रेशनच्या रांगेत नंबर आल्यासारखी.
"मी लावली."

मोहाखाली पाला फार होता.
पाल्यात फूल दिसत नाही,
पहाटेपासून वाकून कंबरेचा काटा ढिला होतो.
एका झाडाखालचा पेटवला, एकाच.
वारा निजलेला होता तेव्हा.
मग उठला.

पंचनाम्याची वही माझ्या बॅगेत होती,
बॅग खुर्चीला.
तेवीस माणसं माझ्याकडे नाही,
बॅगेकडे बघत होती.
कलम मला पाठ आहे, झोपेतही म्हणेन.
मी विचारलं, "वारा उठला कुठून?"

ती फळ्यापाशी आली, खडू मागितला.
माझा त्रिकोण पुसला नाही,
त्याच्या कडेकडेने ओढा काढला, खिंड काढली,
मोहाची अकरा झाडं, ठिपक्या-ठिपक्यांनी.
"ऊन तापलं की वारा ओढ्यातून वर चढतो.
रात्री डोंगर निवला की खाली येतो, पाणी उतरतं तसा.
तुमची रेषा इथं मारता दरसाल.
आग इथून येतच नाय.
ती येते इथून."
खडू तुटला. अर्धा तुकडा
तिने मला परत दिला.

दुपारी विळे, फावडी, दाताळी.
ऐनाची पानं पायाखाली पापडासारखी.
तिने दाखवलं तिथून खिंडीपर्यंत
तीन मीटर रुंद माती उघडी केली.
बंद ब्लोअर हिरामणने खांद्यावर उगाच वागवला,
फोटोत यावा म्हणून.

रात्री घरी फोन केला :
अण्णा, पाखरांसाठी बागेवर टाकतो ती जाळी,
जुनी, फाटकी, आहे का?
"जंगलात कसली द्राक्षं गं?"
द्राक्षं नाहीत. जाळायचं नाही, म्हणून जाळी.
ते गप्प झाले. मग म्हणाले,
पिंपात आहे, उंदरांनी खाल्लेली. ने.

मार्च सरताना गेले.
मोहाखाली हिरवी जाळी पसरलेली,
कोपऱ्यांवर दगड,
वर पिवळट मऊ फुलं, टप टप, अंधार फिटेपर्यंत.
उंदरांच्या भोकांतून निम्मी पाल्यात गेलेली.
मंजुळा ती वाकून वेचत होती.
"कंबर दुखते ती दुखतेच," म्हणाली,
वर न बघता.

पलीकडच्या डोंगरावर, आमच्या हद्दीबाहेर,
धुराची एक बारीक काडी उभी होती.
तिने बोट ओलं करून हवेत धरलं.
मीही धरलं.
मला काही कळलं नाही.
तिचं बोट वळेल तिकडे बघत राहिले.