दीड दिवसाचा कागद

उत्तरा,
लाइटबिलाच्या पाठीवर आखतेय तुझे दीड दिवस.
पुढे छापील कन्नड, आकडे, दंडाची तारीख,
मागे माझं मराठी, तिरकं, पेन्सिलीतलं.
उजेडाला धरला कागद
तर दोन्ही एकमेकांतून दिसतात
आणि कुठलंच वाचता येत नाही.

तिकिटावर बेळगावी असेल. गोंधळू नको.
तेच. उतर.

शनिवार, सकाळचे अकरा.
तू फोनवर म्हणालीस, जुनं गाव आहे ना, मग सगळं दाखव.
सगळं!
हलशीला जायचं तर आधी खानापूर, तिथून दुसरी बस,
एका देवळात दोन गाभारे, समोरासमोर,
नरसिंह आणि वराह
इतकी शतकं एकमेकांकडे बघत, विषय न संपता.
पण जाऊन यायला अख्खा दिवस. खोडलं.
राजहंसगडाला चढ, तुला गुडघा. खोडलं.
गोकाकचा धबधबा मार्चात नळाएवढा. खोडलं.
मग परत लिहिलं, कारण झुलता पूल तुला आवडला असता,
मग परत गुडघा आठवला.

परशराम रिक्षावाल्याला विचारलं तर हसला,
"दीड तासात गाव दावतो की ताई,
दीड दिवस काय करूलासा तुम्ही?"

खरंच, काय करूलोय आपण?
बावीस वर्षांनी भेटणाऱ्या दोन बायकांनी
किल्ल्याची भिंत बघायची असते का?

तरी लिहिलंय: किल्ला, शनिवार, ऊन उतरल्यावर.
दाराशी गणपती, दुर्गा, खंदकात वाळलेलं गवत,
आत लष्कराची शिस्त, झाडांनासुद्धा कमरेपर्यंत चुना.
फोटो काढण्याआधी विचार.
रात्री माझ्याकडे. गच्चीवर गादी.
पलीकडची मल्लव्वा भाकरी आणि शेंगाचटणी देणार आहे,
मी नको म्हटलं, तिला ते ऐकू आलं नाही,
तिला सोयीचं तेवढंच ऐकू येतं, दोन्ही भाषांत.

रविवारी मांडे.
मनातले मांडे सगळेच खातात गं,
इथे खरे मिळतात, उपड्या खापरावर भाजलेले,
शहापुरात एका बाईंकडे सांगून ठेवलेत.
हात लावलास की मोडतील. हळू.

मग टिळकवाडी. बघायला तसं काही नाही.
इथे पत्ता विचारलास तर लोक रेल्वेचं गेट सांगतात,
पहिलं, दुसरं, तिसरं.
दुसऱ्या गेटशी थांबायचं आहे असं यादीत लिहिलेलं नाही,
पण गेट पडलं तर थांबावंच लागेल,
आणि मालगाडी लांब असली
तर तेवढ्यात तुला एक सांगीन.
पाच वाजता तुझी कोल्हापूरची बस.

आज गुरुवार. कमल बसदीची वेळ विचारायला म्हणून गेले होते.
एवढी वर्षं इथे राहते,
पाहुणे आले की त्यांच्या मागे उभी राहते,
चपला सांभाळते, घड्याळ बघते.
आज कुणी नव्हतं.
मंडपात मान वर केली
आणि छतातून दगडाचं कमळ खाली आलेलं,
उलटं, जड, तरी लोंबतं.
बहात्तर पाकळ्या म्हणतात.
मी मोजायला लागले.
एकोणिसावर कबूतर उडालं, पुन्हा पहिल्यापासून.
राखणदार भरमप्पा आला, कन्नडात विचारलं, काय हरवलं?
मी मराठीत म्हटलं, मोजतेय.
तो माझ्या शेजारी उभा राहिला, तोही मान वर करून,
ओठ हलत होते त्याचे, त्याच्या आकड्यांत.
मग बंद करायची वेळ झाली.

म्हणून यादीत एक बदल:
किल्ल्याची भिंत राहिली तर राहू दे,
आधी इथे.
कुठून सुरुवात केली ती पाकळी मी तुला दाखवीन,
टवका उडालाय तिचा.
एकावन्नपर्यंत झाल्यात.
पुढच्या तू मोज,
मी चपला सांभाळते.